डाव्या हाताचे शब्द

गल्लीतले लोक त्यांना बोटमास्तर म्हणत; तोंडावर अर्थातच सर. टायपिंगचा क्लास चालवता चालवता त्यांना एक खोड लागली होती. माणसांची नावं त्यांच्या लक्षात राहत नसत, बोटं मात्र राहत. बाजारात एखादा पोट सुटलेला गृहस्थ समोर येऊन "ओळखलंत का सर?" म्हणाला, की ते चष्मा कपाळावर सरकवत, त्याच्या चेहऱ्याकडे न बघता हातांकडे बघत आणि म्हणत, "थांब, सांगू नकोस. डावी करंगळी. एच्या जागी एस दाबायचास." गृहस्थ खूश होई. बरोबर बायको असली तर ती जरा गोंधळे.

क्लास म्हणजे एक लांबट खोली. पुढच्या अर्ध्या भागात टाइपरायटर, मागच्या अर्ध्या भागात सरांच्या बायकोचं शिवणयंत्र, आणि मध्ये एक फुलाफुलांचा पडदा. विद्यार्थी तिला काकू म्हणत. पडद्याच्या अलीकडे टकटक, पलीकडे घरघर. दोघांचंही म्हणणं एकच होतं, की समोरच्याच्या यंत्राचा फार आवाज होतो.

सरांची शिकवण्याची रीत जगावेगळी होती. बाकीच्या क्लासांत नुसती अक्षरं बडवून घेत. सर म्हणत, "बोटाला अर्थ लागतो. अर्थ नसलेलं काही बोट लक्षात ठेवत नाही." म्हणून जे बोट कमजोर, त्याची अक्षरं ज्यात वारंवार येतात असा लांबलचक इंग्रजी शब्द ते शोधून देत, वैद्याने पुडी बांधून द्यावी तसा, सकाळ-संध्याकाळ. आणि अर्थ पाठ केल्याशिवाय यंत्राला हात लावू देत नसत.

बेकरीवाल्याची सून उजव्या करंगळीने लंगडी होती. पी हे अक्षर त्या करंगळीचं. सरांनी तिला 'हिपोपोटॅमस' दिला, कारण त्यात पी तीनदा येतो. अर्थ, पाणघोडा. बाई मन लावून अभ्यास करणारी. पीठ मळताना, भट्टी पेटवताना तोंडाने "हिपोपोटॅमस, पाणघोडा" चालू असे. तिसऱ्या दिवशी तिच्या सासूबाई क्लासच्या दारात येऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "मास्तर, माझ्या वजनाबद्दल तिला काही बोलायचं असेल तर सरळ मराठीत बोलायला सांगा."

कंडक्टरची गोष्ट निराळी. तो पन्नाशीला आलेला. उभ्याने नोकरी करून त्याचे गुडघे गेले होते, आणि टायपिंगची परीक्षा पास झाला तर डेपोच्या कचेरीत बसून काम मिळणार होतं. वयाच्या अटीत बसणारी ही शेवटचीच परीक्षा. अंगठा आणि पहिलं बोट तिकिटं फाडून पोलादासारखं, पण डावं तिसरं बोट, एसचं, अगदीच मऊ. सरांनी त्याला 'पझेसिव्हनेस' दिला. त्यात एस सहा वेळा.

"अर्थ?" कंडक्टरने विचारलं.

"माझं ते माझं, दुसऱ्याने हात लावायचा नाही, असा स्वभाव."

"म्हणजे खिडकीची जागा," कंडक्टर म्हणाला, आणि जन्मात विसरला नाही.

सरांचे नियम दोनच, पण वज्रलेप. पहिला, ज्याचं अक्षर त्याच्याच बोटाने दाबायचं. एका बोटाने दुसऱ्याच्या घरात शिरायचं नाही. दुसरा, नजर कागदावर. बटणांकडे बघायचं नाही. कुणाला मोहच होऊ नये म्हणून त्यांनी सगळ्या यंत्रांच्या बटणांवर काकूंकडून पांढऱ्या कापडाच्या टिकल्या चिकटवून घेतल्या होत्या. अक्षर पाहायचं झालंच तर भिंतीवरच्या तक्त्यावर.

लग्न झालं त्या वर्षी त्यांनी काकूंनाही शिकवायला घेतलं होतं. ते तीन दिवस टिकलं. चौथ्या दिवशी काकू म्हणाल्या, "तुमच्याशी संसार होईल, पण तुमच्याकडे शिकणं व्हायचं नाही," आणि त्यांनी शिवणयंत्र घेतलं.

तर असा हा क्लास. परीक्षेला विद्यार्थी बसवायचे तर क्लासला मंडळाची मान्यता लागे, आणि दर काही वर्षांनी तपासनीस येऊन ती नवी करून देई. त्याची रीत ठरलेली होती. क्लास चालवणाऱ्याने स्वतः यंत्रावर बसून दाखवायचं. आधी वेग, तो आपल्या पसंतीच्या उताऱ्यावर. मग अचूकपणा, तो तपासनिसाने आणलेल्या पानावर. त्या वर्षी तपासनीस येणार होता नेमका परीक्षेचे अर्ज पाठवायच्या आदल्या दिवशी. मान्यता नाही तर अर्ज नाहीत. आणि अर्ज नाहीत तर कंडक्टर गुडघे चोळत बसमध्येच म्हातारा होणार, हे सरांना स्वच्छ दिसत होतं.

तपासणी पंधरवड्यावर आली तेव्हा सर भिंतीवरचा तक्ता पुसायला स्टुलावर चढले. "कंडक्टरला सांगा की," पडद्यामागून काकू म्हणाल्या. "त्याचे गुडघे," सर म्हणाले आणि स्टुलासकट खाली आले. तक्ता उभा फाटला आणि सरांचं उजवं मनगट मोडलं.

हाडांचा डॉक्टर त्यांचाच जुना विद्यार्थी. सरांनी वेदनेतही त्याला ओळखलं. "डावी करंगळी. क्विझिकल."

"क्विझिकल, म्हणजे भुवई उंचावून प्रश्न केल्यासारखा, जरा थट्टेखोर," डॉक्टरने म्हणून दाखवलं. झेड दोन आणि क्यू एक असलेला हा शब्द त्याने अजून जपून ठेवला होता. मग तशाच नजरेने क्ष-किरणांचा फोटो पाहत तो म्हणाला, "सव्वा महिना प्लास्टर. बोटांची टोकं बाहेर राहतील, थोडी हलवत राहा. पण दाबायचं काही नाही. बटण तर अजिबात नाही."

"आणि डाव्या हाताने?"

"डाव्या हाताने काहीही करा, सर."

घरी येईपर्यंत सरांचं ठरलं होतं. वेगाच्या उताऱ्याची पसंती आपली, तेव्हा उतारा असा करायचा की त्यातलं प्रत्येक अक्षर डाव्या हाताच्या वाटणीचं असेल. नियम मोडायला नको आणि मान्यताही जायला नको.

काकू म्हणाल्या, "अहो, डावा हात जरा उजवीकडे नेला तर मध्ये काय भिंत आडवी येते?"

"येते," सर म्हणाले.

पुढचे आठ-दहा दिवस ते शब्दकोश घेऊन बसले. जेवताना चमचा डाव्या हातात, आणि चमच्याचं टोक ताटात अक्षरं गिरवतंय. एके दुपारी काकूंनी शिवण बाजूला ठेवून विचारलं, "काय काय सापडलं ते तरी वाचा."

"टॅक्स, म्हणजे कर. टिअर्स, अश्रू. डेट, कर्ज. अरिअर्स, थकबाकी. रिग्रेट, पश्चात्ताप. कॅटॅरॅक्ट, मोतीबिंदू."

"इश्श. सगळं असलंच? आणि उजव्या हाताला काय आहे?"

सरांनी मनातल्या मनात उजवी बोटं हलवून पाहिली. "जॉय, आनंद. जॉली, मौजेचा. मून, चंद्र. लॉलिपॉप. मिलियन, दहा लाख. मोनॉपोली, म्हणजे मक्तेदारी. ओपिनियन, म्हणजे मत."

"म्हणजे मोडला तो नेमका सुखाचा हात," काकू म्हणाल्या. "आणि सव्वा महिना तुम्हाला मतसुद्धा नाही."

"येस म्हणता येत नाही आणि नोही म्हणता येत नाही. दोन्हींत उजवी अक्षरं."

"नो नाही ना? मग राहू द्या असंच. मला पडदा बदलायचाय."

एक अडचण अंगठ्याची निघाली. दोन शब्दांमधली मोकळी जागा उजव्या अंगठ्याने सोडायची असते. सर एक रात्र बेचैन होते. सकाळी त्यांनी स्वतःपुरता निवाडा केला, की अंगठ्याला अक्षर नाही, जो निरक्षर आहे त्याच्याशी अक्षरांच्या वाटणीवरून भांडण्यात अर्थ नाही. तेव्हा डावा अंगठा चालेल. काकूंना त्यांनी हे समजावून सांगितलं. काकू म्हणाल्या, "बरं," आणि सुईत दोरा ओवला.

आता राहिला तपासनिसाच्या पानाचा प्रश्न. सर म्हणत, मागच्या दोन्ही वेळी तपासनिसाने ते पान पिशवीतून काढलंसुद्धा नव्हतं. वेग बघून चहा घेऊन गेले होते. याही वेळी तसंच होईल. हे वाक्य ते दिवसातून इतक्या वेळा म्हणत, की त्यांचा स्वतःचा त्यावर विश्वास नाही हे काकूंच्या लक्षात आलं होतं.

ठरल्या दिवशी तपासनीस आले. सडपातळ, थकलेले गृहस्थ. पायात नवे बूट होते आणि ते चावत होते. खुर्चीवर बसल्याबरोबर त्यांनी टेबलाखाली एक बूट हळूच काढला. प्लास्टर पाहून ते म्हणाले, "अरेरे. मग कसं करायचं?"

"नियमाप्रमाणे," सर म्हणाले.

विद्यार्थी भिंतीला टेकून उभे होते. कंडक्टर गणवेशातच आला होता. बेकरीवाल्याच्या सुनेचे ओठ हलत होते. सर सर्वांत जुन्या यंत्रापुढे बसले, डाव्या हाताची बोटं आपापल्या जागी ठेवली, समोर भिंतीकडे बघत मान ताठ केली आणि सुरू झाले. लाह्या फुटाव्यात तसा आवाज. ओळ संपली की डावाच हात वर जाऊन दांडी ओढून खाली येत होता, जणू त्याला दुसरा भाऊ कधी नव्हताच. तपासनिसांनी घड्याळ पाहिलं, पुन्हा पाहिलं, आणि वेगाच्या रकान्यात समाधानाने खूण केली. मग कागद उचलून वाचायला घेतला.

"स्ट्यूअर्डेसेस एक्झॅजरेटेड वॉटरक्रेस आफ्टरइफेक्ट्स..." ते थांबले. "यात पूर्णविराम कुठं आहे?"

"उजवीकडे आहे, साहेब. तो हात मोडलाय."

"हं. पण उतारा अर्थपूर्ण पाहिजे असं नियमात आहे. याचा अर्थ काय?"

"प्रत्येक शब्दाला अर्थ आहे," सर जरा दुखावून म्हणाले. "स्ट्यूअर्डेसेस, विमानात सेवा करणाऱ्या बाया. वॉटरक्रेस, पाण्यात उगवणारी पालेभाजी. आफ्टरइफेक्ट्स, नंतर होणारे परिणाम. एक्झॅजरेटेड, वाढवून सांगितले. म्हणजे, विमानातल्या बायांनी त्या भाजीच्या परिणामांचा उगाच बाऊ केला."

"बरं. पुढे?"

"एका मोठ्या अस्वलाने स्वेटर तपासून पाहिले."

तपासनिसांनी सरांकडे पाहिलं. सरांचा चेहरा गंभीर होता.

"त्यापुढे फेडरेटेड बार्बर्स. म्हणजे एकत्र आलेले न्हावी, त्यांचा संघ. त्यांनी कोबीची अप्रतिष्ठा केली."

"न्हाव्यांनी कोबीचं नेमकं काय केलं?"

"ते उताऱ्यात दिलेलं नाही. डिग्रेडेड एवढंच आहे."

"आणि शेवटचं हे?"

"अब्राकडॅब्रा रिव्हर्बरेटेड. जादूगाराचा मंत्र घुमला."

पडद्यामागे शिवणयंत्र एकदम थांबलं. कंडक्टर खोकत छताकडे बघू लागला. तपासनिसांनी कागद खाली ठेवला, दोन्ही हातांनी तोंड पुसलं आणि जरा वेळाने म्हणाले, "वाक्यं आहेत. कर्ता आहे, क्रियापद आहे. चला, वेग मान्य."

सरांनी श्वास सोडला. तेवढ्यात तपासनिसांनी पिशवीत हात घालून एक छापील पान काढलं.

"आता हे."

"चहा घेता का?" सर म्हणाले.

"आधी हे होऊ द्या. यंदा पान जोडल्याशिवाय फाइल पुढे जात नाही. वेळेचं बंधन नाही. फक्त चुका पाचाच्या आत पाहिजेत."

पान पाणीपुरवठ्याबद्दलचं होतं. पहिल्याच ओळीत म्युनिसिपॅलिटी. सरांनी त्या शब्दाकडे पाहिलं. सगळ्या शब्दात डाव्या हाताची अक्षरं तीनच, सी, ए, टी. एवढ्या मोठ्या संस्थेत त्यांच्या वाट्याला एक मांजर आलं होतं.

"एका हाताने करा की," तपासनीस सहज म्हणाले. "शोधून शोधून दाबा. आमच्या कचेरीत तर सगळे तसंच करतात."

सरांची नजर कंडक्टरच्या गुडघ्यांवर गेली, मग बेकरीवाल्याच्या सुनेच्या करंगळीवर. या माणसांना त्यांनी दिवसच्या दिवस हेच सांगितलं होतं, की बोटाने दुसऱ्याच्या घरात शिरायचं नाही. त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. मग त्यांनी चष्मा नाकावर नीट बसवला, मान खाली घातली, आणि आयुष्यात पहिल्यांदा बटणांकडे पाहिलं.

बटणांवर पांढऱ्या टिकल्या होत्या. सगळ्या सारख्या.

त्यांनी एम आठवून पाहिला. आठवेना. एम कुठे आहे हे त्यांना ठाऊक नव्हतंच. ते त्यांच्या उजव्या पहिल्या बोटाला ठाऊक होतं, आणि ते बोट प्लास्टरमध्ये गळ्यात टांगलं होतं. भिंतीकडे पाहिलं, तर तक्त्याच्या जागी चौकोनी पांढरा डाग. डावं बोट त्या परक्या मुलखात वर गेलं, खाली आलं, आणि लग्नघरात चुकून शिरलेल्या माणसासारखं उभं राहिलं.

"एम," सर पुटपुटले. "एम..."

"सर, सांगू का?" कंडक्टरने हळूच विचारलं.

"तू गप्प बस. तुझी नजर कागदावर."

तेव्हा पडदा सरकला. काकू बाहेर आल्या, गळ्यात टेप, दंडावर टोचलेल्या टाचण्या. त्यांनी तपासनिसांना नमस्कार केला आणि सरळ सरांच्या गळ्यातली झोळी सोडली.

"काय करतेस?"

"बोटं हलतात ना? डॉक्टरने हलवायला सांगितलीत ना? मग हलवा. हात मी धरते."

तो जड पांढरा हात त्यांनी कोपराखालून उचलला आणि कापड सुईखाली सरकवावं तसा अलगद बटणांवर अधांतरी धरला. "म्हणा मनातल्या मनात तुमचं ते."

सरांनी डोळे मिटले. म्युनिसिपॅलिटी. प्लास्टरमधून डोकावणारं पहिलं बोट किंचित वाकलं आणि खालच्या ओळीतल्या एका टिकलीच्या वर थरथरलं.

"हे," काकू म्हणाल्या.

डावं बोट आलं आणि त्याखालचं बटण दाबलं. कागदावर एम उमटला.

मग वरच्या ओळीत यू. मग पुन्हा खाली, एन. उजवं बोट दाखवायचं आणि डावं दाबायचं. काकूंना अक्षरं वाचायची गरजच नव्हती. कुठलं बोट हललं एवढं त्या बघत होत्या.

"हे. आता हे. अहो, डोळे उघडा, डावा हात कुठे निघालाय? अलीकडे. आणखी. हं."

"हळू धर."

"हळूच धरलाय. वजन बघा किती आहे ते. हं, शेवटचं बोट हललं. टोकाला."

"पी," बेकरीवाल्याच्या सुनेच्या तोंडून निघून गेलं.

तपासनीस पुढे झुकले. "बाई, तुम्ही बटण दाबायचं नाही बरं का."

"मी कशाला दाबू?" काकू म्हणाल्या. "मी तीन दिवसांत सोडलेलं शिक्षण आहे ते."

पान संपायला दुपार झाली. मध्येच काकूंचा दंड भरून आला, तेव्हा त्यांनी टेबलावर शिवायच्या कापडांचा गठ्ठा रचून त्यावर कोपर टेकवलं. तपासनिसांनी दुसराही बूट काढला आणि मोज्यांनिशी मागे येऊन उभे राहिले. 'नॉटविथस्टँडिंग' हा शब्द पुरा झाला तेव्हा सरांनी सवयीने अर्थ सांगितला, "म्हणजे, तसं असूनसुद्धा," आणि काकू म्हणाल्या, "पुढचं बोट हलवा."

तपासनिसांनी पान मुळाशी ताडून पाहिलं. चुका दोन. दोन्ही डाव्या हाताच्या अक्षरांत. उजवीकडे लक्ष ठेवता ठेवता तो स्वतःच्या घरात अडखळला होता. त्यांनी सही केली, शिक्का मारला, मग बूट हातात घेऊन क्षणभर विचार केला आणि नाइलाजाने पायात घातले. दारातून वळून म्हणाले, "त्या न्हाव्यांचं काही कळलं तर मला कळवा."

दुसऱ्या दिवशी सकाळी अर्ज रवाना झाले. क्लास नेहमीच्या वेळेला भरला. सर विद्यार्थ्यांपुढे उभे राहिले, पण नेहमीसारखं "बोटं जागेवर" म्हणाले नाहीत. जरा वेळ टेबलाच्या कडेवरून बोट फिरवत राहिले.

"काल तुम्ही जे पाहिलंत," ते म्हणाले, "बटणांकडे बघणं, आणि एका हाताने दुसऱ्याचं काम करणं, त्याबद्दल..."

"आम्ही काय पाहिलं, सर?" कंडक्टर म्हणाला.

"मी कालचं म्हणतोय."

"आम्ही काही पाहिलं नाही. आमची नजर कागदावर होती." त्याने बेकरीवाल्याच्या सुनेकडे पाहिलं. "हो की नाही?"

"माझी तर होतीच," ती म्हणाली. "अजून आहे."

सरांनी दोघांकडे पाहिलं, घसा खाकरला, आणि चष्मा उगाचच काढून पुन्हा घातला.

"बरं," ते म्हणाले. "मग बोटं जागेवर."

"मी पाहिलं हो," पडद्यामागून काकूंचा आवाज आला. दोरा दातात धरलेला असणार, कारण शब्द जरा दाबलेले होते. "सगळं पाहिलं."

आणि घरघर सुरू झाली.